पुसलं तर काय चुकलं?

...नाही पण मला सांगा, पुसलं तर माझं काय चुकलं? दोन वर्षं कॉलेजच्या लॅबमध्ये झाडलोट करतेय, सातपूरहून शेअर रिक्षात अंग चोरून बसून वेळेवर येतेय, आणि त्या दिवशी बघते तर काय, टेबलावर डबी उघडी, आत नखाएवढे चार चकचकीत तुकडे, वर धूळ! बाहेरचे साहेब यायचे होते. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर आपण ताटं पुसतो की नाही? मी ओढणीनं पुसले, बोटानं उचलून ओळीत लावले. काय चुकलं?

तुम्हाला सांगते, ते मशीन म्हणजे महाकजाग! रवी सरांनी समजावलं होतं एकदा. पीएचडी करतात बिचारे, ऐकायला कुणी नाही, मग मलाच धरतात. "छायाताई, आपण क्ष-किरण मारायचे, की इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. मारायचा जोर ठरलेला. बाहेर पडल्यावर वेग किती उरला ते मोजलं, की आत किती घट्ट बांधलेला होता ते कळतं." म्हटलं, कळलं की! अंगणवाडीच्या दारात बाई पोरांना आयांपासून ओढतात ना, तस्संच. बाईंचा जोर तोच, पण सैल धरलेलं पोर भुर्रकन आत पळतं, आणि आमची पोरगी स्नेहा... सगळा जोर माझी ओढणी सोडवण्यातच जातो, मग आत जाते पाय ओढत! डोळे मिटून नुसत्या पावलांवरून सांगीन कुणाचं पोर सुटलं ते. सर बघतच राहिले. "अगदी! प्रत्येक मूलद्रव्याची पकड वेगळी, तिच्यावरूनच त्याला ओळखायचं. फक्त मशीनला अगदी वरचा पातळ थरच दिसतो हं."

तेवढं शेवटचं वाक्य ध्यानात राहिलं असतं तर!

तुकडे पुसले त्याच्या दुसऱ्या दिवशी सर नाचतच आले. "मॅडम, मशीन आपल्या टायटॅनियमच्या तुकड्यांवर मॅग्नेशियम दाखवतंय! सिलिकॉन! चारी तुकड्यांवर! काहीतरी नवीनच सापडलंय!" त्यांच्या गाईड ज्योत्स्ना मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "नवीन नाही, घाण आहे. चार महिन्यांचं काम फेकून दे. कुणी हात लावला?"

ह्यांची कंपनी बंद, घरात माझीच एक नोकरी. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण रवी सरांचं तोंड... बघवेना हो! म्हटलं, "मॅडम, मीच पुसले. काल सकाळी पोरीला अंगभर पावडर लावली, कडेवर घेतली, तशीच आले."

मॅडम ओरडल्याच नाहीत. म्हणाल्या, "उद्या तो पावडरचा डबा आणा."

चिमूटभर पावडर चिकटपट्टीवर लावून घातली मशीनमध्ये. पडद्यावर तेच मॅग्नेशियम, तेच सिलिकॉन, जिथल्या तिथे! म्हणजे तुकडे चांगलेच होते, फक्त धुवायचे! मॅडम म्हणाल्या, "बोललात म्हणून ह्याचे चार महिने वाचले. नोकरी राहील. पण तुकड्यांना हात लावायचा नाही, आणि पावडर लावून यायचं नाही." मग सांगा, माझं सगळंच कुठं चुकलं?

घरी येऊन सासूबाईंना म्हटलं, उद्यापासून मी गेल्यावर तुम्हीच लावा पावडर. तर म्हणतात कशा, "पोरीला शिंका येतात, एवढी थापू नकोस, असं मी वर्षभर सांगतेय, ते नाही ऐकलंस. मशीननं सांगितल्यावर बरं लगेच पटलं!" आणि तेच मग जेवताना एकदा, भांडी घासताना एकदा, शेजारच्या वत्सलाबाई आल्या तेव्हा पुन्हा पहिल्यापासून...

ते मशीन तरी बरं हो, एकदाच सांगून गप्प बसतं!