शहाऐंशी

आकिताच्या इस्पितळात तोमोए आपला नंबर लागायची वाट बघत बसली होती. मागच्या बाकावर नणंद-भावजयीचं बोलणं चाललं होतं.

"मी आजच ओसाकाहून पोचले, मला काही कळेना. दादाची तर दरवर्षी कंपनीत तपासणी व्हायची ना, वहिनी?"

"व्हायची तर! चांगलं कोलेस्टेरॉल शहाऐंशी. अख्ख्या ऑफिसात पहिले. कागद फ्रिजवर चिकटवलाय."

"ते तर रक्तवाहिन्या जपतं म्हणतात."

"जपतं, वन्सं. भिंतींना चिकटलेली चरबी उचलून यकृताकडे नेतं. हे मला रोज शिकवायचे. म्हणायचे, 'माझ्याकडे शहाऐंशी झाडूवाले आहेत.'"

"आणि वाईट?"

"तेही वाढलेलंच. पण एवढे झाडूवाले असताना गोळ्या कशाला, म्हणून बंद केल्या. त्यात कुणीतरी सांगितलं, साके प्यायल्यानं चांगलं वाढतं. तपासणीआधी ऑफिसातले बाकीचे लोक चार दिवस पिणं सोडायचे, हे दुप्पट प्यायचे."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गरम करून मीच द्यायचे."

दार उघडलं. परिचारिकेनं चाकाची खुर्ची बाहेर आणली.

"दादा, मी हानाए. ओळखलंस ना रे?"

"शहाऐंशी."

"हे काय, वहिनी?"

"अर्धांगाच्या झटक्यानंतर तेवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी शहाऐंशी, दुखलं तरी शहाऐंशी."

"दादा, अरे..."

"शहाऐंशी!" खुर्चीतून ऐटीत उत्तर आलं.

तोमोएला मान वळवायचा धीर झाला नाही.

"रडू नका, वन्सं. शाबास म्हणा. तेवढं म्हटलं की जेवतात."