नानांची दुसरी रिटायरमेंट

लेकीची बालवाडी सुटायची वाट बघत पंचवटीतल्या शाळेच्या फाटकाशी उभी होते. शेजारच्या कट्ट्यावर नातवंडांना न्यायला आलेले दोन आजोबा बसले होते.

"नाना, आज चेहरा का उतरलाय?"

"सोमवारपासून आमच्या रोहितला व्हॅन लावलीय, आबा. म्हणजे मी परत रिटायर."

"बरं झालं की! ऊन वाचलं."

"येवल्याच्या डेपोतून बत्तीस वर्षं गाड्या सोडल्या. तिथं निघताना शाल-नारळ तरी दिला. इथं नुसतं, 'आजोबा, मी आता चौथीत आहे. पोरं हसतात.'"

"हसायला काय झालं?"

"रस्ता ओलांडताना हात धरतो ना आम्ही. खरं तर तोच माझा धरतो, पण पोरांना कुठं सांगत बसू?"

"मग सोमवारी या वेळेला काय करणार?"

"सुनेच्या मधेमधे."

"त्यापेक्षा इथंच या. माझ्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात हर्षाली. दप्तर धरायला माणूस नाही."

"चौथीत गेली की तीही काढून टाकेल."

"अहो, आत्ता बालवाडीत आहे. ती चौथीत जाईपर्यंत आपण ऐंशीचे."

"मग कायम झालो म्हणायचं! किती वाजता हजर व्हायचं?"