वरचा दिवा

जयदीप : नाही काका, चहा राहू द्या. मला फक्त पाच मिनिटं काकूंना भेटू द्या. खाली आहेत का त्या?

गुरुदत्त : तू... फोनवर बास्केटबॉलच्या टीमकडून म्हणालास ना? तुमच्या खेळाडूंची आमच्या बेसमेंटबद्दल काही तक्रार आहे का? मी तिकडे फारसं लक्ष देऊ शकत नाही, मला कल्पना आहे.

जयदीप : तक्रार? उलटंच आहे. मी जयदीप. खेळाडू कोणते घ्यायचे, त्याचे आकडे काढणं माझं काम. मूळ नागपूरचा. पत्त्यावर तुमचं नाव वाचलं तेव्हा कळलं, आमचे पोट्टे इतकी वर्षं मराठी घरात राहून राहिले!

गुरुदत्त : बस ना. ती पुस्तकं सरकव खुर्चीवरची. खोक्यांत भरायला काढलीयत. शनिवारी घर विक्रीला लागतंय. ऊर्मी, म्हणजे माझी मुलगी, कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, कॅल्गरीला असते. तिच्याकडे जातोय.

जयदीप : एजंटने कळवलं आम्हाला. तेच थांबवायला आलो, काका. हा दिवा बंद करू का? बाहेर चांगला उजेड आहे.

गुरुदत्त : नको. राहू दे तो.

जयदीप : बरं. ऐका. खेळाडू एखादं शहर का निवडतो, त्याची माझ्याकडे एक्सेल शीट आहे. पगार, टॅक्स, हवा, मैदानावर किती मिनिटं मिळतील, कोच कसा आहे, घरी जायला डायरेक्ट फ्लाइट आहे का, बायको काय म्हणते. अशा अठरा गोष्टी. आपलं हॅलिफॅक्स जवळपास सगळ्या कॉलममध्ये मार खातं. पण तीन वर्षं झाली, दर सीझनला आमचा सगळ्यात भारी खेळाडू दुसरीकडची मोठी ऑफर सोडून इथंच येऊन राहिला.

गुरुदत्त : समुद्र आवडत असेल.

जयदीप : टेरेलला? तो पलीकडच्या डार्टमथला जायच्या फेरीबोटीत बसला तरी डोळे मिटून घेतो.

गुरुदत्त : टेरेल म्हणजे तो उंच मुलगा?

जयदीप : सगळेच उंच असतात, काका.

गुरुदत्त : हो. खरंच की. माफ कर. मी कधी त्यांच्याशी नीट बोललो नाही. ड्राइव्हवेवर भेटले तर हॅलो म्हणतो. मग घरात आल्यावर वाटतं, आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं.

जयदीप : तर या टेरेलला जर्मनीची ऑफर आहे. आज संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. मी त्याला स्पष्ट विचारलं, बाबा रे, तुझं अडतंय कशावर? तो म्हणाला, तेच घर मिळणार असेल तर येतो. त्याच्या आधीचा मलिक, तोही दोन सीझन इथंच होता. त्याला फोन केला. तोही तेच म्हणाला. घर, आणि घरातली बाई.

गुरुदत्त : बाई?

जयदीप : काकू हो! मॅचसाठी बाहेरगावी निघताना त्या आतल्या जिन्याशी येतात म्हणे. चमचाभर दही हातावर ठेवतात आणि म्हणतात, आता खा, म्हणजे परत येशील. मला ऐकून हसूच आलं. माझी आई नागपूर एअरपोर्टवर डबी घेऊन येते, तिथल्या सिक्युरिटीवाल्यासमोर! म्हटलं, मी अठरा कॉलम करून राहिलो आणि इथं एक बाई चमचाभर दह्यावर टीम चालवून राहिली.

गुरुदत्त : मलिक कधी होता इथं?

जयदीप : पंधराच्या नोव्हेंबरपासून. सतराच्या उन्हाळ्यापर्यंत.

गुरुदत्त : आणि टेरेल?

जयदीप : गेला सीझन पूर्ण. का हो?

गुरुदत्त : अरुणा दोन हजार पंधराच्या मार्चमध्ये वारली, जयदीप.

जयदीप : मार्चमध्ये? पण मलिक तर त्यानंतर आला!

गुरुदत्त : तुला पाणी देऊ का?

जयदीप : नाही. म्हणजे, सॉरी काका. मला कोणी सांगितलंच नाही. मी भैताडासारखा मघापासून...

गुरुदत्त : तुझी चूक नाही. मीच कोणाला सांगितलं नाही. टीमच्या ऑफिसला एक पत्र लिहिलं होतं, चांगलं दीड पान. मग वाटलं, त्यांना कशाला. ते पाठवलंच नाही.

जयदीप : मग दुसरं कोणी येत असेल. शेजारीण, साफसफाईची बाई?

गुरुदत्त : साफसफाईवाले बाजूच्या दाराने येतात, तेही खेळाडू गेल्यावर. आतला जिना या समोरच्या दारामागे आहे. कडी दिसते ना? ती माझ्या बाजूने आहे. साडेतीन वर्षांत मी काढलेली नाही.

जयदीप : मग पोरं थट्टा करून राहिली असतील. नवीन माणसाला बनवतात ते.

गुरुदत्त : त्यांनी तिला आधी पाहिलेलं नाही. थट्टा करायला माहिती तर हवी. ती कशी दिसते, ते काही बोलले?

जयदीप : काका, राहू द्या ना.

गुरुदत्त : सांग.

जयदीप : ...टेरेलचा ईमेल आहे. थांबा, वाचतो. छोटीशी बाई. तपकिरी स्वेटर. चमचा डाव्या हातात धरते. त्याला वाटलं, डावखुरी आहे. पण उजवा हात कायम बाहीत ओढलेला असतो, म्हणून त्याने एकदा विचारलं, हात दुखतो का. तर म्हणाली, बर्फाची आठवण आहे ती.

गुरुदत्त : तेराच्या हिवाळ्यात पडली होती, मागच्या डेकवर. मनगट पुन्हा वळलंच नाही. डाव्या हाताने दही देताना तिला फार अवघड वाटायचं. म्हणायची, देवाला चालेल ना हो?

जयदीप : काका, मी निघू का? तुमचा चेहरा...

गुरुदत्त : बस रे. दही कसं होतं? लिहिलंय त्याने?

जयदीप : आंबट. आणि कोमट, नुकतं लागल्यासारखं. असं का विचारता?

गुरुदत्त : तिने बहात्तर साली येताना विरजण आणलं होतं. रुमालावर दही वाळवून, त्या रुमालाची घडी पर्समध्ये. इथं आल्यावर कोमट दुधात तो रुमाल बुडवला. तेव्हापासून रोज त्याच दह्याचं दही. मी कारखान्यातून विद्यापीठात आलो, ऊर्मी झाली, दोन घरं बदलली, ते चालूच. त्यातला शेवटचा चमचा मी सिंकमध्ये धुऊन टाकला. त्यानंतर या घरात दही नाही.

जयदीप : शेवटचा म्हणजे?

गुरुदत्त : त्या दिवशी ती वाटी घेऊन खाली निघाली होती. तेव्हाचा मुलगा मॅचला निघणार होता. जिन्यातच छातीत कळ आली असावी. मी इथं होतो. याच खुर्चीत. दार नुसतं लोटलेलं होतं. बारा पायऱ्या, जयदीप. मी नंतर मोजल्या. दोन तासांनी मला भूक लागली म्हणून उठलो.

जयदीप : अरे बाप्पा. आणि तो मुलगा?

गुरुदत्त : तो आधीच बाजूच्या दाराने गेला होता. ती पायरीवर बसलेली होती, भिंतीला टेकून. वाटी शेजारी सरळ ठेवलेली. थेंब सांडलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, काही वेळ त्या शुद्धीत असणार.

जयदीप : मग त्यांनी हाक का नाही मारली?

गुरुदत्त : दिवा चालू होता.

जयदीप : म्हणजे?

गुरुदत्त : आमच्या घरातली पद्धत. मी कधी तोंडाने सांगितली नव्हती, पण पद्धत माझीच. हा दिवा चालू म्हणजे मी वाचतोय, आणि मी वाचत असताना ती हाक मारत नसे. लग्नानंतर एकदोनदा मी चिडलो असेन. ओरडलो नाही, मला ओरडता येत नाही. नुसतं पुस्तक मिटलं असेल जोरात. तिने ते चाळीस वर्षं लक्षात ठेवलं. बोलायला म्हणून ती खाली त्या मुलांकडे जायची. भाडेकरू ठेवायचं तिनेच ठरवलं, ते त्यासाठीच. हे मला आत्ता, तुझ्यासमोर बोलताना कळतंय. कदाचित आधीही कळलं असेल.

जयदीप : काका...

गुरुदत्त : मला एकच कळत नाही. ती त्यांना दिसते. कुठल्या कुठल्या गावांहून आलेली पोरं. मी तर इथंच आहे. माझ्याकडे का येत नाही?

जयदीप : ईमेलमध्ये शेवटी एक गोष्ट आहे. मी वाचणार नव्हतो.

गुरुदत्त : वाच.

जयदीप : "ती दर वेळी मला एकच गोष्ट विचारते. वरच्या दाराच्या फटीतून उजेड येतोय का, बघ. मी पाहून सांगतो, हो, येतोय. मग ती म्हणते, वाचत असतील, आवाज करू नकोस. आणि दाराकडे बघत तिथंच पायरीवर बसते. मी परत येतो तेव्हाही बसलेली असते."

गुरुदत्त : परत येतो तेव्हाही?

जयदीप : हो. काका, तुमचा फोन वाजून राहिला.

(गुरुदत्त फोन स्पीकरवर टाकतात.)

ऊर्मी : बाबा, एजंटचा मला तिसरा ईमेल आलाय. पेपर्स साइन केले का? इट्स जस्ट वन सिग्नेचर.

गुरुदत्त : ऊर्मी, मी नाही करत सही.

ऊर्मी : आज नाही, की...?

गुरुदत्त : घर विकत नाही.

ऊर्मी : बाबा, प्लीज. वी टॉक्ड अबाउट धिस. विंटरमध्ये एकटे कसे राहणार तुम्ही? खाली पडलात तर कोणाला कळणार पण नाही.

गुरुदत्त : खालच्या बेसमेंटला माणूस येतोय.

ऊर्मी : तुम्ही तर त्यांच्याशी बोलत पण नाही!

गुरुदत्त : बोलेन. ऊर्मी, तू शाळेत निघताना आई तुझ्या हातावर दही ठेवायची?

ऊर्मी : फक्त टेस्ट असली की. व्हाय? ...बाबा, आर यू ओके? कोणी आहे का तुमच्याजवळ?

गुरुदत्त : आहे. उद्या करतो फोन.

जयदीप : काका, टेरेलला मी काय सांगू?

गुरुदत्त : खोली आहे म्हणून सांग. बाकी काही सांगू नकोस. त्याला जे मिळतंय ते मिळू दे. तुझ्या त्या शीटमध्ये काय लिहायचं, ते तू बघ.

जयदीप : तिथं कॉलमच नाही याला. काका, खरं सांगू? मला इथं थोडं कसंतरी होऊन राहिलं. पण तुम्हाला एकटं सोडूनही जाववत नाही. आज माझ्याकडे चला ना.

गुरुदत्त : साडेतीन वर्षं मी यातलं एक पान वाचलेलं नाही, जयदीप. ओळी डोळ्यांसमोरून जातात नुसत्या. तरी हा दिवा लावून बसतो. अंधाराची भीती वाटते म्हणून. झोपलो तरी चालूच. एकदाही बंद केला नाही. आणि ती तिथं...

जयदीप : बाहेर अंधारून आलं. पाच पण नाही वाजले.

गुरुदत्त : नोव्हेंबर आहे. तू नीघ. पुढच्या दाराने जा, पायरीवर बर्फ असेल, जपून. आणि जाता जाता, ते बटण दाराजवळ आहे, तेवढा दिवा बंद कर.

जयदीप : तुम्ही अंधारात बसणार?

गुरुदत्त : आधी ही कडी काढू दे. गंजलीय. हं. निघाली.

जयदीप : करू बंद?

गुरुदत्त : कर.

जयदीप : केला. येतो, काका.

गुरुदत्त : ये... अरुणा, मी वाचत नाहीये गं.