दिल्लीच्या थंडीचे मालक

आमचे दाजी दिल्लीला नोकरीला लागल्यापासनं थंडीचे मालकच झालेत बघा. परवा सोलापुरात आले अन् आमचे मफलर बघून फिदीफिदी हसले.

"ह्याला थंडी म्हणता व्हय? पुण्याच्या थंडीला पण आमी मोजत न्हाय. दिल्लीला या, मग कळंल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गीझर बंद पडला. आई गार पाण्यानं आंघोळ करून, ओल्या केसांनीच दाराशी आली.

"जावईबापू, आज गारच पाणी हाय. उरकून घ्या की."

दाजी दोन चादरींच्या आतनंच बोलले, "आज राहू द्या मामी. दिल्लीत हिवाळ्यात रोज कोण आंघोळ करतंय? हीटरपुढनं हलत न्हाय आमी."

आई म्हणाली, "मग तिथली थंडी वाजती कुणाला?"