पार्वताबाईसाठी प्रार्थना

यादोराव : ‘…आणि हे दयाघन परमेश्वरा, या चिखला गावी जे आमचे बंधू रोज जमिनीखाली खाणीत उतरतात, त्यांचे तू रक्षण कर.’ इथपर्यंत नेहमीचेच आहे. आता पुढचे लक्षपूर्वक ऐक. ‘तुझी दासी पार्वताबाई हिचा पुत्र नंदलाल, जो भिलाईच्या कारखान्यात नसून चोरीच्या गुन्ह्याखाली नागपूरच्या कारागृहात आहे, त्यास पश्चात्तापाची बुद्धी दे. आणि त्याच्या मातेने ही गोष्ट दोन वर्षे मंडळीपासून झाकून ठेवली, तिलाही क्षमा कर.’ कसे वाटले, कुंता?

कुंताबाई : हे तुमी उद्या देवळात, पाळकसाहेबापुढं वाचनार?

यादोराव : वाचणार नाही, पाठ केले आहे. कागदावरून वाचलेली प्रार्थना अंतःकरणातून आल्यासारखी वाटत नाही.

कुंताबाई : अवो, पन हे प्रार्थना होय का?

यादोराव : दुसरे काय आहे? आरंभी देवाचे नाव, शेवटी क्षमेची याचना. उद्याच्या उपासनेत सर्वांसाठी प्रार्थना करण्याची पाळी माझी आहे. त्या पाळीची मी सहा आठवडे वाट पाहिली.

कुंताबाई : मले वाटे, तुमचा राग उतरला म्हून तुमी गप आहात.

यादोराव : उतरला नव्हता. लोणच्यासारखा मुरत होता.

कुंताबाई : देवा रे.

यादोराव : त्या बाईने काय केले, ते तू विसरलीस काय? गुरुवारची तुमची बायकांची प्रार्थनासभा. सांगून आलेल्या मुलाची आत्या राधाबाई तुमसरहून आपली वच्छला पाहायला आलेली, तुझ्याच शेजारी चटईवर बसलेली. आणि ही पार्वताबाई डोळे मिटून, हात जोडून म्हणते, ‘प्रभू, आमच्या वच्छलाच्या फिटा लग्नाच्या आधी थांबव.’ डोळे उघडतात तोवर राधाबाई दाराशी चपला शोधत होती. चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आले की, मुलाचा एवढ्यात लग्नाचा विचार नाही.

कुंताबाई : मी तेथंच बसली होती. मले काय सांगता?

यादोराव : मग तिला तिथल्या तिथे थांबवता आले नाही तुला?

कुंताबाई : कोनी देवासंग बोलत असन, तर मधात कसं बोलाव?

यादोराव : हेच मला हवे आहे. प्रार्थना करणाऱ्याला कोणी अडवत नाही. उद्या मलाही कोणी अडवणार नाही. ज्या वाटेने तिचा घाव आला, त्याच वाटेने माझा जाईल.

कुंताबाई : तिनं मुद्दाम नाई केलं वो. बोलता बोलता ध्यानच नाई राहिलं तिले, का पाहुनी बसली आहे म्हून. दुसऱ्या दिवशी रडत आली, तर तुमी तिले फाटकातूनच वापस केलं.

यादोराव : डोळे पुसण्यापुरता पदर प्रत्येक बाईपाशी असतो.

कुंताबाई : लय कडू बोलता तुमी. नंदलाल दिवाळीनंतर सुटून राहिला. पार्वताबाई त्याले येथंच आनून खदानीत लावाले पाहते. उद्या साऱ्या कॉलनीले माहीत झालं, तर त्याले कोन उभं करन?

यादोराव : कोणीही नाही. मी स्वतः हजेरीबाबू आहे, कोणाला कामावर घेतात आणि कोणाला नाही, हे मी जाणतो. वच्छलाला आता कोण उभे करणार, हा विचार त्या बाईने केला होता काय? वच्छलाचे एक घर मोडले, तर त्या बाईचेही एक मोडू दे. मग बरोबरी होईल.

कुंताबाई : मंग आयका. सहा हप्त्यांपासून माह्या घशात अडकून आहे. वच्छलाच्या फिटांचं पार्वताबाईले मीनंच सांगतलं होतं.

यादोराव : तू?

कुंताबाई : मी. ह्या घरात त्या गोष्टीचं नाव काढलं, का तुमी ताटावरून उठता. मीनं कोनापाशी बोलाव? म्हून तिले म्हटलं, बाई, माह्या पोरीसाठी प्रार्थना कर.

यादोराव : एवढी अक्कल तुला नसावी?

कुंताबाई : नाई राहिली. आनं तिनं नंदलालचं मले सांगतलं, तवा तिचा हात हातात घेऊन म्हटलं होतं, भिंतीलेबी सांगनार नाई. तुमाले सांगून बसली. नवरा म्हून सांगतलं. उद्या तुमी बोलाल, तर पार्वताबाई तुमाले नाई पाहनार, मले पाहन.

यादोराव : पाहू दे. माझ्या प्रार्थनेत असत्य असे एक अक्षर नाही.

कुंताबाई : खरं आहे म्हूनच तर कापते ते. आनं खरंच बोलाचं होतं, तर राधाबाईपाशी काहून नाई बोलले? ते चहा पेऊन राहिली होती, आनं तुमी फिटांच्या दवाईच्या गोया मिठाच्या डब्यामागं सरकवून राहिले होते.

यादोराव : मुलीच्या बापाला काही गोष्टी झाकाव्याच लागतात.

कुंताबाई : पोराच्या मायलेबी लागतात.

यादोराव : तुझे बोलणे पुरे झाले असेल, तर माझा पांढरा सदरा धुऊन ठेव. साडेनऊला उपासना आहे.

(दुसरा दिवस, रविवार. उपासना संपली आहे. देवळाकडून खाणकामगारांच्या कॉलनीकडे येणारी वाट. कुंताबाई मागे बायकांत थांबली आहे. पुढे यादोराव आणि वच्छला.)

यादोराव : तू असे का केलेस?

वच्छला : काय केलं मीनं?

यादोराव : साळसूदपणा नको. सर्वांचे डोळे मिटलेले होते. खाणकामगारांचे झाले, मग मी ‘तुझी दासी पार्वताबाई’ एवढे उच्चारले आणि श्वास घेतला. तोच तू मागून मोठ्याने ‘आमेन’ म्हणालीस. सारी मंडळी सवयीने ‘आमेन’ म्हणाली, पाळकसाहेबांनी गीताचा क्रमांक सांगितला, पेटी वाजू लागली. आणि मी तोंड उघडे ठेवून उभा.

वच्छला : संपवाची होती म्हून संपवली.

यादोराव : बाहेर आल्यावर त्या बाईने माझे पाय धरले. म्हणते, भाऊजी, तुमी सारं विसरून देवापुढं माहं नाव घेतलं, देव तुमचं भलं करो. तिच्या डोळ्यांत पाणी होते. मला तिथे हो म्हणावे लागले. इतका अपमान माझा आजवर झाला नव्हता.

वच्छला : मंग ते तेवढंच राहू द्या.

यादोराव : सहा आठवडे मी एकेक शब्द निवडला होता, पोरी. तुझ्यासाठी.

वच्छला : काल मी न्हानीत होती, सारं आयकत होती. बाबा, नंदलालचं नाव निघालं असतं, तर लोकांनी पयले पार्वताबाईकडं पाह्यलं असतं. मंग माह्याकडं. का बा, हिच्या फिटा बोलल्या, त्याच्या बदल्यात हे. आता कुठं लोक माह्या फिटांचं बोलनं सोडून राहिले होते. तुमी पुन्हा साऱ्यांच्या ताटात वाढल्या असत्या.

यादोराव : म्हणजे तिला शिक्षाच नको? तुला राग येत नाही?

वच्छला : येते ना. तिच्या दारावरून जाते तवा वाटते, हिच्या भरल्या घागरीत माती टाकाव. पन तो राग माहा आहे. मीनं तो तुमाले वापराले देला नाई.

यादोराव : मी तुझा बाप आहे.

वच्छला : म्हूनच एक इचारते. मी दहा वर्सांची होती, तवापासून हे दुखनं आहे. आता बावीसची झाली. ह्या बारा वर्सांत तुमी मंडळीपुढं किती खेपा प्रार्थना केली. पान्यासाठी केली, खदानीसाठी केली, पाळकसाहेबाच्या सायकलवरून पडून मोडलेल्या पायासाठी केली. त्यात माहं नाव कवा घेतलं?

यादोराव : ती गोष्ट बाहेरच्यांच्या कानी पडू नये, म्हणून घेतले नाही.

वच्छला : घरी तर बाहेरचं कोनी नसते.

यादोराव : वच्छला.

वच्छला : पार्वताबाईची चूक होती का खोड होती, मले नाई माहीत. पन माहं नाव घेऊन मोठ्यानं देवाले मांगनारी बारा वर्सांत ते एकच.

यादोराव : ऊन लय होऊन राहिलं, माय. डोक्यावर पदर घे.