सगळ्यांचा होकार

रेवदंड्याच्या नाक्यावर अलिबागची रिक्षा एका सीटसाठी थांबली होती. नलू सुकटीची पाटी पायाशी धरून बसली होती. शेजारी एक होडीवाला आणि त्याची लेक बोलत होते.

"पन तिकडं शिकायचं काय, सुचिता?"

"युरोपातले सत्तावीस देश मिळून कायदे कसे करतात, ते. त्यांचं राजकारण, धोरणं."

"आपल्याला त्याचं काय?"

"आपली कोळंबी तिकडं जाते ना, बाबा? कुठली घ्यायची, कुठली नाही, ते तिथंच ठरतं."

"सत्तावीस जनांचं जमतं? हितं सोसायटीत सातांचं जमत न्हाय."

"बरंचसं बहुमतानं जमतं. काही गोष्टींना मात्र सगळ्यांचा होकार लागतो."

"आनि एक अडला तं?"

"सगळंच अडतं. मग त्याची समजूत काढत बसतात."

"तुला विद्यापीठाला कवा कळवायचं हाय?"

"आज दुपारपर्यंत. नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल."

"आई काय म्हनते?"

"हो म्हणते."

"आजी?"

"तीपण."

"म्हंजे मीच अडलोय."

"हो, बाबा."

नलूनं तोंड रस्त्याकडे फिरवलं, कान मात्र तिथंच ठेवले.

"दोन वर्सं एकटी ऱ्हाशील?"

"राहीन."

"थंडी लय असंल."

"असते."

"पाठव मग."

सुचितानं फोन काढला. तेवढ्यात शेवटची सीट भरली आणि रिक्षावाल्यानं किल्ली फिरवली. नलूनं मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"थांब रे! चौलाच्या वाड्यांत रेंज जाते. पोरीचा होकार आधी पोचू दे."