वरच्या तळीतले शिसे

नाव सरूली देवी, पती कै. दिवानसिंह बोरा, वय अंदाजे ५४, धंदा शेती, राहणार सिलखोला, जिल्हा बागेश्वर.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी मुलगा व सून हेमा यांच्यासह राहते. हेमा गरोदर आहे. गावाचे सगळे दळण ओढ्यावरच्या घराटात, म्हणजे पाण्यावर फिरणाऱ्या जात्यात होते. घराट माझा चुलतदीर हयातसिंह चालवतो.

पावसाळ्यानंतर जात्याची वरची तळी, म्हणजे फिरणारा दगड, डगमगू लागली. तिच्या भोकातली लोखंडी पट्टी सैल झाली होती. तिथे लाकडी पाचरी ठोकतात, पण त्या झिजतात. हयातसिंहाने ट्रकच्या जुन्या बॅटरीतले शिसे वितळवून ओतले. मी दळण घेऊन तिथेच होते. तो म्हणाला, "वहिनी, आता नातवंडांनासुद्धा पाचर ठोकायला नको."

दिवाळीपासून घरोघर पोटदुखी सुरू झाली. देवाला बकरा दिला. बकरा गेला, दुखणे राहिले. हेमाच्या हिरड्यांवर काळी रेघ उमटली. काल इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी सांगितले की तिच्या रक्तात शिसे आहे, बाळाचे सांगता येत नाही. "घरात शिसं आलं कुठून?" असे त्यांनी विचारले तेव्हा मला तळीत ओतलेले शिसे आठवले.

मी तडक घराटावर गेले. हयातसिंहाची आई नुकतीच पोटाच्याच दुखण्याने वारली. दळणाची मजुरी म्हणून पीठच देतात, त्यामुळे गावभरचे पीठ त्याच्या घरी खाल्ले जाते. मी म्हटले, "भाऊजी, तळी उतरवा. आईंना त्या शिशानंच नेलं."

"म्हणजे मी मारलं आईला? वहिनी, तोंड सांभाळा!" असे म्हणून त्याने घराटावर पाणी सोडून दळण सुरू केले. त्याचा मला राग नाही. असे कोणाला ऐकवेल?

उद्या म्हातारीचे तेरावे आहे. तीन गावे जेवायला येणार. पुऱ्यांचे पीठ त्याच तळीखाली दळले जात आहे. गावचे प्रधान, म्हणजे सरपंच, म्हणाले, "तेराव्याच्या अन्नाला विष म्हणालात तर तुमच्या घरचं पाणी कोणी पिणार नाही." न पिऊ देत. हयातसिंहाला धरू नका, आधी तळी उतरवा.

उद्या दुपारनंतर शिपाई पाठवतो असे साहेबांनी सांगितले आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. पंगत सकाळी बसते हे त्यात राहिले होते, ते मी लिहायला लावले. आता बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा.